भिवापुरी मिरची अन् वायगाव हळद वेबसाइटवरून, काही महिने वापरल्यावर

दिवाळीच्या आधीपासून मिरची, हळद, जवस अन् तांदूळ आम्ही एका छोट्या संस्थेच्या वेबसाइटवरून मागवतोय, बचत गटाच्या बायका अन् काही शेतकरी मिळून चालवतात. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली तक्रार पण आहे.

मला सगळ्यात पटलं ते भावाचं. मालाच्या पानावरच फोड दिलेली असते, किलोमागे शेतकऱ्याला किती, वाळवायची अन् डेठ तोडायची मजुरी किती, कुटाई किती, पॅकिंग किती, अन् मग कळतं की आपल्याला महाग वाटतं ते नेमकं कशामुळे. मिरची कोणत्या गावची अन् कितव्या तोड्याची तेही लिहितात. नागपूरच्या इतवारी बाजारात मिरची हातात घेऊन पाहता येते हे खरं, पण तिथं "भिवापुरीच आहे न भाऊ" म्हटलं की मानायचं, दुसरं करणार काय. वायगाव हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे माल त्याच भागातला हे सांगणारं सरकारी मानांकन, मिळाला, भिवापूरच्या मिरचीलाही आहे, पण पुड्यावर नुसतं जीआय छापल्यानं आतली हळद वायगावच्या समुद्रपूर तालुक्यातली होत नाही न बाप्पा! ते नाव वापरायला उत्पादकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते अन् हे लोक तो नोंदणी नंबर पानावर देतात, पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर पण असतो, ज्याला शंका आहे त्यानं तपासून घ्यावं.

हळद एक नंबर. वरणात नेहमीपेक्षा कमी टाकावी लागते, आई आधी कुरकुरली की एवढ्या भावाची कशाला, आता तीच संपत आली की आठवण करते.

आता तक्रार. साइटवर माल दिसतो, आपण पैसे भरतो, अन् दुसऱ्या दिवशी फोन येतो, "दादा, मिरची संपली, पैसे परत टाकतो." असं एकदा नाही झालं. त्याच पोत्यातून ते प्रदर्शनात पण विकतात अन् साइटवरचा आकडा एकच ताई मोबाइलवरून बदलते, तिला वेळ मिळेल तेव्हा. पैसे परत आले, पण दरवेळी आपणच आठवण द्यायची. मी म्हटलं मोठ्या ॲपवर काहून नाही टाकत, तर ताई म्हणे, "कमिशन त्यायचं अन् परत आलेला माल आमच्या डोक्यावर, मग शेतकऱ्याले काय देऊ?" तिचं चूक नाही, पण गिऱ्हाइकाचा वेळ जातो तो जातोच, निदान प्रदर्शनाच्या दिवशी तरी ऑर्डर बंद ठेवा राजेहो.

कुरिअर अर्ध्या किलोला अजिबात परवडत नाही. आम्ही बिल्डिंगमधले मिळून मागवतो अन् प्रतापनगरात एकांच्या घरून उचलतो, तिथं कुरिअर लागत नाही.

हळद, जवस बिनधास्त मागवा. तांदूळ पाच-सहा घरं मिळून घेतला तरच परवडतो, अन् मिरचीसाठी आधी फोन करा, मगच पैसे टाका.