माणदेशातील एक मुक्काम : परदेशी संशोधकांसाठीच्या घरगुती सोयीविषयी अभिप्राय

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, म्हसवडच्या परिसरातील एका गावी, एक शेतकरी कुटुंब आपल्या घरालगतच्या दोन खोल्या दीर्घ मुक्कामासाठी येणाऱ्या अभ्यासकांना जेवणासह भाड्याने देते. दुष्काळात मेंढपाळ कुटुंबे कुठे आणि कशी जातात याचा अभ्यास करण्यासाठी जर्मनीहून आलेल्या एका संशोधिकेची साहाय्यक म्हणून मी या घरी एका पावसाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिले. कुटुंबाला जाहिरात नको आहे, म्हणून नाव-पत्ता इथे देत नाही. तरीही सविस्तर लिहिते आहे, कारण परदेशी अभ्यासकासाठी खेड्यात अशी सोय शोधणाऱ्यांना काय पाहावे हे कळावे, आणि आपल्या घरी अशी सोय करू इच्छिणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा. क्षेत्रकामाच्या, म्हणजे लोकांमध्ये राहून माहिती गोळा करण्याच्या, निमित्ताने मी ज्या ज्या ठिकाणी राहिले, त्यांत इतकी विचारपूर्वक चालवलेली व्यवस्था मला दुसरीकडे आढळलेली नाही.

सुरुवात कागदपत्रांपासून करते. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांच्या आत सरकारी फॉर्म (पूर्वी याला ‘फॉर्म सी’ म्हणत) भरून त्याची नोंद करावी लागते, आणि हा नियम हॉटेलांप्रमाणेच खाजगी घरांनाही लागू आहे. खेड्यात बहुतेकांना याची माहिती नसते, आणि मग पुढे कधी चौकशी झाली की पाहुणा आणि यजमान दोघेही अडचणीत येतात. या घरातील थोरल्या मुलाने यजमान म्हणून आपली नोंदणी आधीच करून ठेवलेली होती. आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी त्याने पासपोर्ट आणि व्हिसाची छायाचित्रे घेऊन फॉर्म ऑनलाइन भरला, त्याची प्रत छापून आमच्या हाती दिली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांची भेट घडवून आणली. संशोधनासाठी आलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने ही सेवा पंख्याहून आणि कूलरहून मोलाची आहे.

मात्र या घराचा खरा गुण त्याच्या जागेत आहे. घर गावठाणाच्या कडेला आहे. धनगरवस्तीकडे जाणारा आणि बौद्धवस्तीकडे जाणारा असे दोन्ही रस्ते त्याच्यासमोरून फुटतात, आणि भाड्याच्या खोल्यांचे दार थेट रस्त्यावर उघडते. भेटायला येणाऱ्याला यजमानांचे अंगण किंवा ओसरी ओलांडावी लागत नाही. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण संशोधक कोणाच्या घरी राहतो आणि कोणाला सोबत घेऊन फिरतो यावर त्याच्याशी कोण बोलणार हे ठरत असते. जेराल्ड बेरेमन हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९५७-५८ मध्ये गढवालच्या डोंगरातील सिरकांदा या गावात काम करत होते. त्यांचा ब्राह्मण दुभाषा आजारी पडला आणि त्याच्या जागी मुसलमान साहाय्यक आला, तेव्हा ज्यांना खालच्या जातीचे मानले जात होते ते लोक अधिक मोकळेपणाने बोलू लागले, आणि उच्च जातीयांनी तोवर झाकून ठेवलेल्या मांस-मद्यासारख्या गोष्टीही समोर आल्या. दुभाषा बदलल्याने एवढा फरक पडत असेल, तर ज्या छपराखाली संशोधक झोपतो त्याचा प्रभाव किती असेल याचा विचार सोय शोधतानाच व्हायला हवा. सरपंचाचा वाडा प्रशस्त असतो, परंतु त्या वाड्याच्या पायऱ्या चढायला अर्धे गाव कचरते. आमच्या दारी मात्र दोन्ही वस्त्यांतील बायका सकाळी रानात जाताना थांबत, चहा घेत, आणि घरात कोणासाठीही वेगळा कप ठेवलेला नव्हता. संशोधिकेच्या वह्यांतील कितीतरी मजकूर याच उंबऱ्यावर जमा झाला.

दुसरा गुण घरच्या काकूंचा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, ‘‘ताई, बाईंनी काय लिवलं ते मला सांगत जाऊ नका. उद्या कुणी इचारलं तर मला खोटं बोलावं लागंल.’’ गावातील कर्ज, भाऊबंदकी, चराईवरून होणारी भांडणे अशा विषयांवर लोक परक्या बाईशी बोलले आणि त्यातला शब्दही बाहेर फुटला नाही, याचे श्रेय काकूंच्या या समजुतीला आहे. खोलीत कुलपाचे लोखंडी कपाट आहे आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या भाडेकरूकडेच दिल्या जातात. विद्यापीठांच्या नीतिसमित्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समित्या) मुलाखतींच्या नोंदी बंदोबस्तात ठेवण्याची जी अट घालतात, ती इथे सहज पाळता येते.

जेवण दोन वेळचे असते, शिवाय सकाळी चहा आणि पोहे किंवा उपीट. बहुतेक दिवस ज्वारीची, थंडीत बाजरीची भाकरी, एखादी भाजी किंवा पिठले, शेंगदाण्याची चटणी आणि ताक असा बेत असतो. हुलग्याचे माडगे ही इथली खासियत आहे आणि पावसाळ्यातील गार संध्याकाळी त्याची गोडी विशेष जाणवते. तिखटाची सवय नसलेल्या पाहुण्यासाठी काकू भाजीचा थोडा भाग तिखट घालण्यापूर्वीच वेगळा काढून ठेवतात. पाहुण्याला बिनतिखट वरण-भात वेगळा वाढून एकटे पाडण्यापेक्षा ही रीत मला फार सुज्ञ वाटली, कारण सगळ्यांच्या पंगतीला बसून तेच अन्न खाणे हा क्षेत्रकामाचाच भाग असतो. पिण्याचे पाणी शुद्ध केलेल्या जारचे असते आणि मागितल्यास उकळूनही मिळते. आमच्यापैकी कोणाचेही पोट बिघडले नाही.

उणिवाही स्पष्ट लिहायला हव्यात. शौचालय आणि न्हाणीघर परसात आहे आणि तिथवरच्या वाटेवर दिवा नाही, त्यामुळे रात्री विजेरी घेतल्याशिवाय जाऊ नये. पावसाळ्यात त्या वाटेवर विंचू दिसतात. खोल्यांवर पत्रा असल्याने मार्चनंतर दुपारी आत बसून लिहिणे अशक्य होते. उन्हाळ्यात पाणी टँकरचे असते आणि आंघोळीला माणशी एक बादली मिळते. त्याबद्दल तक्रार करणे योग्य नाही, कारण घरातील माणसेही तेवढ्यातच भागवतात, पण येणाऱ्याला हे आधी माहीत असावे. लिहिण्याचे टेबल खुर्चीच्या मानाने फार उंच आहे, आणि दिवसभर मुलाखती घेऊन रात्री नोंदी लिहिणाऱ्या माणसाची पाठ त्याने धरते. एवढी एक सुधारणा सुताराकडून सहज होण्यासारखी असूनही, सांगितल्यावरही झाली नाही. मोबाइलला रेंज माळवदावर गेल्यावरच मिळते. एकांत मात्र कमीच मिळतो. दार उघडे दिसले की माणसे येतात, आणि दार लावून घेतले तर आजारी आहात का म्हणून विचारायला येतात. ज्याला दिवसातून काही तास एकटे राहिल्याशिवाय चैन पडत नाही, त्याने याची तयारी ठेवावी. आमच्या संशोधिकेने दुपारी दोन ते चार ही वेळ झोपेची म्हणून जाहीर केली आणि गावाने ती पाळली.

खोली, जेवण आणि वीज मिळून माणशी महिन्याला १२,००० रुपये आकारले जातात. कपडे धुण्याचे पैसे वेगळे असतात. रक्कम गावाच्या मानाने कमी नाही, पण ती सर्वांना सारखीच आहे. परदेशी पाहुण्यासाठी दुप्पट भाव सांगण्याचा प्रकार इतरत्र सर्रास दिसतो, तो इथे नाही, आणि महिनाअखेर हिशेब वहीत लिहून पावती दिली जाते. शिष्यवृत्तीवर काम करणाऱ्यांना प्रत्येक खर्चाचा कागद जोडावा लागतो, त्यामुळे ही पावती फार कामाची ठरते.

माणदेशाच्या या पट्ट्याला बाहेरचे अभ्यासक नवे नाहीत. शेजारच्या फलटणमध्ये डॉ. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून भाषेचा अभ्यास करायला आल्या आणि भारताचे नागरिकत्व घेऊन तिथे अनेक वर्षे शिक्षणाचे काम करत राहिल्या. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण या गावांत कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७५ पासून गावातच मुक्काम करणारे अन्वेषक ठेवून कुटुंबांच्या शेतीची आणि उत्पन्नाची माहिती गोळा केली. अशा कामाचा कस तिथे राहिलेल्या काळावर अवलंबून असतो, आणि राहणे निभावले तरच तो काळ मिळतो. म्हणूनच राहण्याच्या सोयीचा एवढा बारीक विचार मी करते आहे.

मराठी अजिबात न येणाऱ्या व्यक्तीने इथे एकट्याने येऊ नये, कारण घरात इंग्रजी फक्त थोरल्या मुलाला येते आणि तो दिवसभर कामावर असतो. किमान सहा महिने राहणाऱ्यालाच कुटुंब खोली देते, आठवड्या-पंधरवड्यासाठी देत नाही. मेंढपाळांवर काम करायचे असेल तर जूनमध्ये यावे, म्हणजे पावसाळाभर वाड्यावस्त्यांवर असलेली कुटुंबे दिवाळीनंतर बाहेर पडण्यापूर्वी ओळखी होतात आणि पुढे त्यांच्या तळावर जाता येते. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेच्या सुमारास घर नातेवाइकांनी भरलेले असते, त्या दिवसांत दोन्हींपैकी एक खोली सोडावी लागते, आणि ही अट येतानाच सांगितली जाते.