अनेक विभागांच्या कंपनीचे प्राप्तिकर विवरणपत्र: एका सीए फर्मच्या कामाविषयी

आमच्या कंपनीची शिरोली एमआयडीसीत फौंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना) आहे, सुट्या भागांचा व्यापार आहे आणि सातारा जिल्ह्यात पवनचक्क्या आहेत. पॅन एकच असल्यामुळे आयटीआर-6 (कंपन्यांचे विवरणपत्र) एकच भरावे लागते आणि व्यापारातील तोटा फौंड्रीच्या नफ्यातून वजाही होतो. परंतु पवनचक्क्यांसाठी कलम 80-आयए खालील वजावट (वीजनिर्मितीसारख्या व्यवसायाच्या नफ्यावर ठरावीक वर्षे मिळणारी करसवलत) मागायची, तर त्या विभागाचा हिशेब स्वतंत्र व्यवसाय असल्यासारखा मांडावा लागतो. करनिर्धारण वर्ष 2024-25 चे (म्हणजे 2023-24 च्या उत्पन्नाचे) हे काम आम्ही कोल्हापुरातील एका मध्यम आकाराच्या सीए फर्मकडे सोपवले.

या फर्मचे खरे कसब विजेच्या दरात दिसले. पवनचक्क्यांची वीज आमचीच फौंड्री वापरते, त्यामुळे ती कोणत्या दराने 'विकली' असे धरायचे यावर वजावटीची सगळी रक्कम अवलंबून असते. फर्मने जिंदाल स्टील प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2023 मधील निकालाचा आधार घेतला, वीज मंडळ औद्योगिक ग्राहकांना आकारते तोच दर बाजारभाव म्हणून धरला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ फौंड्रीची महिनावार वीजबिले फाइलला जोडली. मुख्य कार्यालयाचा खर्चही सगळा फौंड्रीच्या माथी न मारता त्यातील वाजवी वाटा पवनचक्क्यांवर टाकला. वजावट थोडी घटली, पण चौकशीत टिकेल असा हिशेब झाला.

80-आयएसारख्या सवलती सोडल्यास कंपनीला मिळणारा कलम 115बीएए खालील 22 टक्क्यांचा दर घ्यावा का, या प्रश्नावर त्यांनी केवळ चालू वर्षाचा कर न दाखवता, 80-आयएची उरलेली वर्षे आणि बुडणारे मॅट क्रेडिट (आधी भरलेल्या किमान पर्यायी करापोटी पुढे वळती करून घेता येणारी रक्कम) धरून तुलना मांडली. हा पर्याय एकदा स्वीकारला की मागे घेता येत नाही, हे पाहता एवढी मेहनत आवश्यकच होती. घसारा आणि 26एएसची (आपल्या नावे कापलेल्या व भरलेल्या कराच्या सरकारी तपशिलाची) जुळवणी मात्र कोणतीही बरी फर्म करील तशीच होती.

तक्रार वेळेची आणि शुल्काची आहे. 10सीसीबी हा 80-आयएच्या वजावटीसाठी लागणारा सीएचा लेखापरीक्षण अहवाल विवरणपत्राच्या मुदतीच्या एक महिना आधी द्यावा लागतो, हे ठाऊक असूनही त्यासाठीची प्रश्नावली सप्टेंबरच्या उत्तरार्धात आली, आणि या अहवालाचे शुल्क वेगळे असल्याचे बिल हाती पडल्यावरच कळले. पुढील वर्षीही काम त्यांच्याकडेच राहील. मात्र नियुक्तिपत्रात 10सीसीबीचे शुल्क आणि माहिती मागवण्याची तारीख आम्ही आधीच लिहून घेणार आहोत.