निकोटियानाला पेंडीचं पाणी की एकोणीस-एकोणीस?

निकोटियाना आलाटाची, म्हणजे फुलांसाठी लावतात त्या शोभेच्या तंबाखूची, रोपं कुंडीत जीव धरायला लागली की खताचा प्रश्न येतो. बाल्कनीत बाग करणाऱ्यांपुढे साधारण दोन वाटा असतात. एक, शेंगदाण्याची पेंड भिजवून, आंबवून केलेलं पाणी. दुसरी, कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ हे विद्राव्य खत, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के. मी पुण्यात, पूर्वेकडच्या बाल्कनीत, दोन्ही वापरली आहेत. आता घरात एकच उरलंय. ते कोणतं हे पुढे कळेलच, पण तुमची जागा वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं.

दोन्ही पक्षांना मान्य असलेलं आधी उरकतो. मातीत तिसरा हिस्सा गांडूळ खत हवं, कुंडीतून पाणी झरझर निघून जायला हवं, आणि रोप लावल्यावर दोनेक आठवडे वरून काही घालायचं नाही. हे झाड टोमॅटो-वांग्याच्या कुळातलं. भूक चांगली असते, आणि दिलं तेवढं घेतं. पंचाईत तिथेच आहे.

निपाणीकडे तंबाखूचं शेत पाहिलं असेल तर हे पटकन लक्षात येईल. तिथे शेंडा खुडतात, बगलेतले फुटवे काढून टाकतात, कारण फुलात गेलेला जीव पानातून वजा होतो. आपलं गणित बरोबर उलटं. आपल्याला पान जेमतेम पुरेसं हवं आणि फूल भरपूर. त्यामुळे तंबाखूच्या शेतातला सल्ला जसाच्या तसा कुंडीत आणण्यात अर्थ नाही. सिगारेटच्या तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइड असलेलं पालाशचं खत टाळतात, कारण क्लोराइड वाढलं की पान नीट जळत नाही. आपल्याला पान ओढायचं नाही, तेव्हा ती काळजी सोडूनच द्या.

पेंडीबद्दल वाईट बोलणं माझ्या जिवावर येतं. लाकडी घाण्यावर तेल काढून देणारे हल्ली गल्लोगल्ली झालेत, तिथे पेंड सहज आणि स्वस्तात मिळते. मूठभर पेंड तीन-चार दिवस भिजवायची, वरचं पाणी दहापट पातळ करायचं आणि मुळाशी घालायचं. माती भुसभुशीत राहते, गांडुळं टिकतात, आणि पुढच्या पाण्याला झाडाचा रंग बदललेला दिसतो. पण तो रंग पानाचा असतो. पेंडीत नत्र सात टक्क्यांच्या आसपास, स्फुरद आणि पालाश मात्र प्रत्येकी एक-दीड टक्का. माझ्याकडे पेंडीवर वाढलेल्या झाडांची पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी झाली. शेजारच्या कुंड्यांपेक्षा कळ्या उशिरा आल्या आणि कोवळ्या शेंड्यावर मावाही जास्त बसला. हे काही प्रयोगशाळेतलं माप नव्हे, रोज चहा घेताना दिसलेलं सांगतोय. पेंडीचं प्रमाण निम्म्यावर आणलं तर एवढं होणार नाही, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं खरंही असेल.

तेवढ्यावरून मी पेंड सोडली नसती. सोडली ती वासामुळे.

भिजवलेल्या बादलीचं झाकण उघडलं की वर तेलकट फेस, खाली करडा गाळ, आणि वास असा की साबणाने दोनदा हात धुतले तरी जेवताना घास तोंडाशी नेला की आठवण येते. खताला वास येणारच, हे मलाही कळतं. जास्वंदीला हेच पाणी घातलं तेव्हा मी कधी कुरकुर केली नाही. पण निकोटियाना लावतो कशासाठी? दिवसा हे झाड बघवत नाही. फुलं मिटलेली, माना पडलेल्या. पाहुण्यांना वाटतं पाणी घालायचं विसरलोय. त्याची सगळी कमाई दिवेलागणीनंतरची. अंधार पडता पडता फुलं ताठ होतात, पांढरे तारे उघडतात आणि जाईच्या जवळ जाणारा वास सुटतो. तो खरं तर पतंगांसाठी असतो, आपण फुकटचे लाभार्थी. डिसेंबरातल्या पुण्याच्या संध्याकाळी हवा पडलेली असते. सुगंध बाल्कनीत साठून राहतो, आणि पेंडही तशीच साठून राहते. दोन्ही एकदम नाकात गेले की सुगंधाचाही संशय यायला लागतो.

उपाय करून पाहिले. पाणी सकाळी घातलं, वरून साधं पाणी सोडलं, बादली कपडे धुण्याच्या जागी नेली. वास कमी होतो, जात नाही. बायको म्हणाली, "अहो, फुलं लावलीत की गटार उघडलंय?" वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तर सोसायटीच्या ग्रुपवर ड्रेनेज तुंबल्याची तक्रार टाकली आणि प्लंबर येऊन चेंबर उघडून गेला. मी गप्प बसलो.

त्यात चिलटं. निकोटियानाच्या पानांवर आणि देठांवर बारीक चिकट लव असते, बोट लावलं की सोडत नाही. पेंडीच्या वासाने आलेली चिलटं तिथेच अडकून मरतात. आठवडाभरात पानावर मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात. झाडाला त्याने काही होत नाही, पण संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्याशेजारी बसायचं असेल तर नजर तिथेच जाते. शिवाय भिजवायचा कंटाळा म्हणून सुकी पेंड कुंडीत टाकली तर तळमजल्यावाल्यांकडे उंदीर आलेच समजा.

१९:१९:१९ ला वास नाही. ही एवढीच गोष्ट माझ्या लेखी बाकी सगळ्यावर भारी पडली. द्राक्षबागायतदार ठिबकमधून सोडतात तेच हे खत. पंचवीस किलोच्या पोत्याबरोबर आता एक किलोची पुडीही बहुतेक ठिकाणी मिळते. मी आधी स्टीलच्या पेल्यात थोड्या पाण्यात विरघळवतो. विरघळताना पेला हाताला गार लागतो, बाहेरून क्वचित दव धरतो, कारण यातले क्षार विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात. ते द्रावण पाच लिटरच्या झारीत ओततो. सपाट एक चमचा, म्हणजे लिटरला साधारण एक ग्रॅम. पुडीवर शेतातल्या पिकासाठी याहून जास्त मात्रा लिहिलेली असते, ती कुंडीला लागत नाही. माती आधी ओली असावी, कोरड्या मातीत घातलं तर मुळं भाजतात. दर पंधरा दिवसांनी एकदा पुरतं. कळ्या दिसल्या की एक-दोन वेळा त्याऐवजी ०:५२:३४ देतो, त्यात नत्र अजिबात नाही.

त्रास इथेही आहेत. मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. महिन्यातून एकदा तळातून वाहून जाईपर्यंत नुसतं पाणी सोडावं लागतं. झारीचे थेंब पानावर पडले तर चिकट लवेवर तसेच बसून वाळतात आणि पांढरे डाग ठेवतात, म्हणून फवारणीच्या भानगडीत मी पडत नाही. लांब नळीची झारी घेऊन थेट मातीत ओततो. मातीचं पोट या खताने भरत नाही, हा सेंद्रियवाल्यांचा आक्षेपही मला मान्य आहे. म्हणून तर गांडूळ खत आधी घातलेलं असतं, आणि हंगामाच्या मध्यावर मूठभर पुन्हा पसरतो.

पेंडीच्या बाजूने वजन पडावं अशा जागा आहेत. गच्ची मोठी असेल, बादली लांबच्या कोपऱ्यात झाकून ठेवता येत असेल, तर माझी अर्धी तक्रार तिथेच संपते. जमिनीत लावलेली निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिस असेल, ती पुरुषभर उंच होणारी, तर तिला पानाचा डोलारा सांभाळायलाच नत्र लागतं. तिथे मी पेंड सुचवीन. आणि तुमच्याकडची रोपं नर्सरीतल्या त्या बुटक्या, लाल-गुलाबी जातींची असतील तर वासाचा मुद्दा बराचसा निकालात निघतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या सँडर नर्सरीने आलाटा आणि लाल फुलांची फॉर्गेटियाना यांचा संकर पुढे आणला. आजच्या रंगीत जाती बहुतेक त्याच वंशातल्या. रंग आला, दिवसा उघडी राहणारी फुलं आली, सुगंध मात्र पुष्कळसा गेला. ज्याला वासच नाही त्याच्या शेजारी पेंड ठेवायला काय हरकत? काकू तेवढ्या सांभाळा.

तिसरा पर्याय म्हणून आवरण असलेले, हळूहळू सुटणारे दाणे मिळतात. महिना-महिना गावाला जाणाऱ्यांना ते सोयीचे. ते तापमानाप्रमाणे सुटतात, म्हणजे आपल्याकडे मार्चचं ऊन लागलं की एकदम भराभर. किंमतही तशीच. मी त्या वाटेला गेलो नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हीतल्या कोणत्याही पक्षाने करू नये: कीड मरते आणि खतही होतं म्हणून विकली जाणारी तंबाखूची भुकटी या कुंड्यांत घालणं. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो आणि निकोटियाना त्याचं घरचंच झाड. तंबाखू मळून झाल्यावर मालीकाकांनाही रोपांना हात लावण्याआधी साबणाने धुवायला सांगतो. टोमॅटो आणि मिरची जवळ असतील तर आणखीच.

पहिला बहर ओसरला की फुलांचा दांडा खालच्या पानांपर्यंत कापतो आणि त्याच आठवड्यात अर्ध्या चमच्याचं १९:१९:१९ देतो. फेब्रुवारीत दुसरा बहर येतो, थोडा विरळ. एप्रिलमध्ये झाड दमलं की खत बंद, कितीही पिवळं दिसलं तरी. उरलेली पुडी दुहेरी पिशवीत घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात उघडी राहिली तर तिचा दगड होतो.