खडकांवरच्या समुद्री गोगलगायी पाहण्यासाठी दहापट भिंग

दुमडून धातूच्या कवचात बसणारे, तीन काचा एकत्र जोडलेले आणि कडेला छोटा एलईडी दिवा असलेले हे भिंग मी लिटोरिना गटातील गोगलगायींच्या निरीक्षणासाठी घेतले. काचेबद्दल तक्रारीला जागा नाही. बाकीच्या बांधणीबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.

या गोगलगायी भरतीच्या पट्ट्यात आणि त्याहूनही वर, केवळ लाटांचे तुषार पोहोचतात अशा खडकांवर राहतात. काही जाती जेमतेम सेंटिमीटरभर वाढत असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना त्या फटीत अडकलेल्या खड्यांसारख्या दिसतात. भिंगातून पाहिले की शंखाच्या वेटोळ्यांवरच्या रेषा सुट्या होतात, आणि ओहोटीत आत ओढून घेतलेले शरीर कोरडे पडू नये म्हणून तोंडावर बसवलेले तपकिरी, शिंगासारख्या द्रव्याचे झाकण त्याच्या सर्पिल रेघेसह स्पष्ट दिसते. शंखाची कड खडकाला चिकटवणारा वाळलेला श्लेष्माचा पातळ पापुद्राही ओळखता येतो. अशी चिकटलेली गोगलगाय उपटू नये, कारण तिचे पाणी राखण्याची ती सोय आहे.

या भिंगाची खरी किंमत कळते ती चालणाऱ्या गोगलगायीला पाहताना. पातळ काचेच्या बाटलीत समुद्राचे पाणी घेऊन तिला काचेवर चढू दिले, की तळपाय मधल्या उभ्या खाचेने दुभागलेला दिसतो आणि त्याचे डावे व उजवे अर्ध आळीपाळीने पुढे सरकताना दिसतात. शिंगांच्या बुडाशी असलेले काळे डोळेही तेव्हाच सापडतात. काचेवर शेवाळाचा थर असेल तर तो खरवडणाऱ्या तोंडाची उघडझापही दिसते. रॅड्युलावरचे, म्हणजे तोंडातल्या खरवडणाऱ्या जिभेसारख्या पट्टीवरचे, दात पाहायला मात्र सूक्ष्मदर्शकच हवा.

दिव्याचा उपयोग शून्य. ओल्या शंखावर त्याचा प्रकाश असा चकाकतो की नक्षी पुसली जाते. तिरपे ऊन पुरेसे आणि अधिक चांगले. सांध्याचा स्क्रू खाऱ्या हवेत लवकरच गंजू लागला, त्यामुळे दर वेळी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून तो कोरडा करणे अपरिहार्य ठरते. उत्पादकाने येथे गंजरोधक पोलाद वापरायला हवे होते. दोरी ओवायला छिद्र दिले आहे, ही त्यातल्या त्यात समजूतदार गोष्ट. घसरड्या खडकावर दोन्ही हात मोकळे लागतात.

वीसपट भिंगाच्या मोहात पडू नये. दहापट भिंग वस्तूपासून सुमारे 25 मिलिमीटरवर धरता येते, वीसपट असेल तर हे अंतर निम्म्यावर येते. मग भिंगाची सावली गोगलगायीवर पडते, आणि गोलाकार शंखाचा एखादा ठिपकाच स्पष्ट राहून बाकीचा भाग धूसर होतो.