बाळाला चटका बसल्यावर: नळाचे पाणी की बर्फ?

आठ महिन्यांच्या बाळाच्या दंडावर गरम चहाचे शिंतोडे उडाले, तेव्हा माझी धाकटी जाऊ बर्फाचा ट्रे हातात घेऊन नळापाशी थबकली.

परिणामाच्या दृष्टीने पाहिले तर वाहते पाणी त्वचेत साठलेली उष्णता हळूहळू काढून घेते, तर बर्फ रक्तवाहिन्या आकुंचित करून आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी इजा करू शकतो. बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असल्याने हा धोका अधिकच. कष्ट मात्र पाण्याला जास्त पडतात: पूर्ण 20 मिनिटे, रडणाऱ्या बाळाला मांडीवर धरून आणि बाकीचे अंग कोरड्या दुपट्यात गुंडाळून, कारण तान्हे मूल लवकर गारठते. नळाला पाणी नसेल तर तांब्याने संथ धार धरावी. चटका बसल्यापासून तीन तासांपर्यंत तिचा उपयोग होतो. खर्चाचा प्रश्न दोन्हीकडे नाही. हळद, तूप, टूथपेस्ट यांचा तर विचारही करू नये.

किरकोळ लाल चट्ट्याला पाणीच योग्य. बर्फ फडक्यात गुंडाळून डोक्याच्या टेंगळासाठी ठेवावा. फोड आला, चटका चेहऱ्यावर, पंजावर, पावलावर वा जांघेत असला किंवा बाळाच्या तळहाताहून मोठा असला, तर पाण्याने थंड करून तडक डॉक्टरांकडे न्यावे.