टॅबलेट दणकट, डॉक रडका: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रोसेसर, रॅम, दहा इंची स्क्रीन हे सगळं डेटाशीटवर आहेच, ते परत उगाळत नाही. रुग्णवाहिका आणि फायरच्या गाड्यांच्या केबिनमध्ये बसवलेल्या रगेड टॅबलेटचा हा आठ महिन्यांचा हिशेब, आणि त्यातला निम्मा डॉकच्या, म्हणजे टॅबलेट ज्यात बसून चार्ज होतो त्या स्टँडच्या, पिनांनीच खाल्लाय.

लक्षण असं. खड्डा आला की चार्जिंगचं चिन्ह जातं आणि लगेच परत येतं. दर वेळी चार्जर नव्याने जोडल्यासारखं होऊन झोपलेली स्क्रीन लखकन पेटते, रात्री हे भलतंच छळतं. शिफ्ट संपताना टॅबलेट डॉकमध्येच असतो आणि बॅटरी २० टक्क्यांवर. सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलून दिली, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पुढचं उत्तर: ‘पिनांना बाहेरून इजा, वॉरंटीत बसत नाही.’ माहितीपत्रकात मात्र ‘जंतुनाशकाने पुसता येतो’ हे ठळक अक्षरांत.

होतं काय, तर पेशंट उतरवला की फवारा थेट स्क्रीनवर मारला जातो. थेंब काचेवरून ओघळतात आणि खालच्या कडेला, नेमके स्प्रिंगवाल्या पिनांच्या बुडाशी साचतात. डॉकला चोवीस तास सप्लाय असेल तर ओल्या पिनांमध्ये डीसी व्होल्टेज कायम असतं. मग सोन्याचा पातळ मुलामा जातो आणि पिन हिरवट-काळी पडते. त्यात गाडीचे हादरे, म्हणजे टोक सतत घासत राहणार. बोटाने दाबून बघा: चांगली पिन टुणकन वर येते, गेलेली अर्ध्यावर अडकते. अशी एक जरी असली तरी चार्जिंग लपंडाव खेळतं.

म्हणून फवारा कापडावर मारायचा, टॅबलेटवर नाही, आणि पुसताना टॅबलेट डॉकमधून बाहेर. पिना साफ करायच्या तर आधी फ्यूज काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. पॉलिश पेपर अजिबात नको. पिन दोन दिवस चकचकीत दिसते, पण उरलासुरला मुलामाही जातो. सप्लाय इग्निशनवरून टायमर लावून घेतला तर गाडी उभी असताना पिनांवर व्होल्टेज राहत नाही आणि गाडीची बॅटरीही उतरत नाही.

इथे स्वतःचंच म्हणणं थोडं मागे घेतो. पिना साफ करूनही दोन गाड्यांत त्रास तसाच होता. मल्टीमीटर लावल्यावर कळलं की दोष वायरिंगचा आहे. अर्थिंगची वायर रंगवलेल्या पत्र्यावर कसलेली, आणि सप्लायची वायर गरजेपेक्षा बारीक. टॅबलेट चार्ज होत असतानाच मोजा, रिकाम्या डॉकवर मोजलेलं सगळं छानच दिसतं. गाडीच्या बॅटरीवरचं आणि डॉकच्या तोंडाशी असलेलं व्होल्टेज यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला की वायर किंवा अर्थिंग बघा. रंग खरवडून रिंग टर्मिनल लावा, फ्यूज बॅटरीजवळ ठेवा. स्टार्टर फिरताना १२ व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज क्षणभर ९ च्याही खाली जातं. अॅडॅप्टरची खालची मर्यादा ९ असेल तर डॉक रीसेट होणारच. तेव्हा दोन गाड्यांपुरता डॉक निर्दोष. बाकीच्यांत नाही.

आता टॅबलेट. स्क्रीन दिवसा उत्तम, १००० निट्स (ब्राइटनेसचं माप) कामाला येतात. पण निवडताना सगळे कमाल ब्राइटनेस विचारतात, किमान कुणीच विचारत नाही. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर सगळ्यात खाली आणलेली स्क्रीनही डोळ्यांवर येत असेल तर ड्रायव्हर तिच्यावर टोपी टाकतो, मग नकाशा कसला बघणार! हा बराच खाली उतरतो, पूर्ण मार्क. डेमोला पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीन आडवी-उभी दोन्ही बघा, काही स्क्रीन एका बाजूने काळ्याठिक्कर पडतात.

नायट्राइल ग्लव्हज घालून टच नीट चालतो. फायरच्या जाड ग्लव्हजमध्ये ग्लव्ह मोड चालू करूनही भरवसा नाही, तिथे कडेची खरी बटणंच हवीत. वरून टफन ग्लास चिकटवू नका, ग्लव्ह मोड आणखी मंदावतो.

धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग आयपी ६७, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पाइपच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, त्यासाठी ६५ किंवा ६६ सुद्धा लिहिलेलं हवं. ‘मिल-एसटीडी-८१०’ हे अमेरिकी लष्करी चाचण्यांचं नाव बघून भुलू नका. १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडतात खरं, पण ते पाच नगांत वाटून घेण्याची मुभा आहे.

बॅटरी सतत १०० टक्क्यांवर आणि वर तापलेली केबिन, म्हणजे फुगण्याला आमंत्रण. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा आहे, पहिल्याच दिवशी लावा. ४५ अंशांच्या वर चार्जिंग थांबलं तर तक्रार करू नका, ते बरोबरच आहे.

फायर स्टेशनच्या भिंतीवरच्या डिस्प्ले बोर्डासाठी घरगुती टीव्ही घेऊन वाचवलेले पैसे वाचत नाहीत. वीज जाऊन आली की तो रिमोटची वाट बघत काळा बसतो. चोवीस तासांचं रेटिंग असलेला आणि वीज आल्यावर आपोआप त्याच इनपुटवर सुरू होणारा पॅनेल घ्या. ओएलईडी नको, एका जागी राहणारी अक्षरं कायमची उमटतात.

टॅबलेटला चार तारे, डॉकला दीड. ऑर्डर देण्याआधी डॉकचा पिनांचा भाग सुटा मिळतो का, हे लेखी घ्या. याचा मिळत नाही. चार पिनांसाठी अख्खा डॉक विकत घ्यावा लागतो.