जिप्सीचा झोला आणि आठशे रुपयांची तपासणी

माझ्याकडे २००४ सालची जिप्सी किंग आहे आणि गेले वर्षभर ती महामार्गावर शेपूट हलवल्यासारखी चालत होती. बाजूने मोठा ट्रक गेला की मागचा भाग एकदा उजवीकडे, मग डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे झुकायचा. गतिरोधक ओलांडल्यावर मागची चाके दोन-तीन उसळ्या घेऊनच शांत होत. यवतेश्वर घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर पहिल्या वळणाचा झोला संपण्याआधीच दुसरे वळण समोर येई, तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाचा हात आपोआप पुढच्या दांडीकडे जाई. या तक्रारीसाठी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका लहान सस्पेन्शन गॅरेजात मी पूर्ण एक दिवस काढला. गॅरेजचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला लिहायचे आहे ते त्यांच्या तपासणीच्या पद्धतीविषयी.

त्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. पहिल्या ठिकाणी मागच्या बंपरवर दोनदा जोर देऊन गाडी दाबली गेली, गाडी लगेच थांबली, म्हणून शॉकअप उत्तम असल्याचा निर्वाळा मिळाला आणि व्हील अलाइनमेंट करून घेण्याचा सल्लाही. जिप्सीला पुढेमागे अखंड ॲक्सल असल्यामुळे अलाइनमेंटमध्ये ‘टो’शिवाय, म्हणजे पुढची चाके किंचित आत किंवा बाहेर वळलेली असण्याच्या कोनाशिवाय, बदलण्यासारखे फारसे काही नसते, हे तिथे कुणाला सांगावे असे मला वाटले नाही. दुसऱ्या ठिकाणी गाडीखाली न वाकताच चारही शॉकअप बदलण्याचे अंदाजपत्रक हाती आले. एकाच गाडीबद्दल मिळालेली ही दोन टोकाची उत्तरे ऐकल्यावर, आधी केवळ तपासणीचे पैसे घेऊन मगच दुरुस्तीचे बोलणारा कुणी असेल तर त्याच्याकडे जावे, असे मी ठरवले.

या गॅरेजात तपासणीचे ८०० रुपये आधीच सांगितले गेले. मुख्य मिस्त्री स्वतः मागच्या सीटवर बसले, मला खराब रस्त्यावरून सहा-सात किलोमीटर गाडी चालवायला लावली आणि परत येताच, इंजिन बंद होण्याच्या आत, गाडीखाली शिरून त्यांनी चारही शॉकअपांच्या नळ्यांना हाताची मागची बाजू लावून पाहिली. शॉकअपचे काम गाडीचे वजन पेलण्याचे नाही. ते काम पाट्यांचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे. पाट्याने साठवलेली उसळी आतल्या तेलाला बारीक झडपांतून जबरदस्तीने ढकलून जिरवणे आणि तिची उष्णता करून बाहेर टाकणे, हे शॉकअपचे काम. त्यामुळे खड्ड्यांतून आलेला चांगला शॉकअप गरम लागतो आणि निकामी शॉकअप शेजारच्या चासीइतकाच थंड. माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही सारखेच गरम होते, मागचा डावा कोमट होता आणि मागचा उजवा अगदी गार. सायलेन्सरच्या उष्णतेने एखादी बाजू फसवू शकते, म्हणून थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा हात लावून खात्री करून घेतली. एवढ्या साध्या कृतीने वर्षभराचा घोळ निम्मा सुटला, याचे मला अजून नवल वाटते.

पहिल्या ठिकाणची बंपर दाबण्याची परीक्षा का फसली, हे मी त्यांना विचारले. उत्तर एका वाक्याचे होते: “साहेब, तिथे पाटा घासतोय म्हणून गाडी थांबते, शॉकअपमुळे नाही.” जिप्सीच्या चारही चाकांवर पट्ट्यांचे पाटे आहेत. पट्टी पट्टीवर घासते, आणि मध्ये गंज व चिखल साचलेला असेल तर ते घर्षण इतके वाढते की उभी गाडी हाताने दाबून हलवणेच कठीण होते. हाताच्या जोरावर हे घर्षण मात करते. पण ताशी ७० किलोमीटर वेगात गाडी गतिरोधकावर आदळली की त्याचे काही चालत नाही आणि नेमका तिथेच शॉकअप लागतो. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत, उदाहरणार्थ २०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत, हे घर्षण जवळजवळ नसते, त्यामुळे तिथे कोपरा दाबून सोडल्यावर गाडी किती वेळा डुलते याला बराच अर्थ असतो. तीच परीक्षा पाट्यांच्या गाडीला लावणे म्हणजे ताप आहे की नाही हे पांघरुणावर हात ठेवून ठरवण्यासारखे आहे.

यानंतर मागचे दोन्ही शॉकअप काढून, उभे धरून, हाताने पूर्ण लांबीभर ओढले-दाबले गेले. डावा बाहेर ओढताना रोध देत होता, पण दिशा बदलताना बोटभर अंतर मोकळा सरकत होता. उजवा सायकलच्या पंपासारखा दोन्हीकडे सैल चालला. विशेष म्हणजे इतके करूनही त्याच्या दांड्याशी तेलाचा थेंब आला नाही. तेल गळत नाही म्हणजे शॉकअप शाबूत, असे मी इतकी वर्षे मानत होतो. झडपा झिजल्या की बाहेरून कोरडा शॉकअपही आतून संपलेला असतो, हे मला त्या दिवशी हातात धरून कळले.

मात्र मिस्त्री तिथे थांबले नाहीत, आणि माझ्या मते या गॅरेजचे खरे मोल इथे आहे. एका मुलाला छताच्या दांड्याला धरून गाडी आडवी हलवायला सांगून ते स्वतः मागच्या शॅकलकडे, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीकडे, बॅटरी लावून पाहत बसले. पाट्याचे टोक शॅकलमध्ये स्पष्टपणे डावी-उजवीकडे सरकत होते. त्या जोडातले रबरी बुश (रबराच्या नळ्या) पार खाल्ले गेले होते. ट्रक बाजूने गेल्यावर येणारा आडवा झोला मुख्यतः या बुशांचा होता, तर गतिरोधकानंतरची उसळी शॉकअपची. नुसते शॉकअप बदलून मी घरी आलो असतो, तर महामार्गावरची शेपूट तशीच हलत राहिली असती. स्टिअरिंगचे जोड, यू-बोल्ट आणि पाट्यांचे मधले बोल्टही तपासले. पुढचे चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवले, कारण किंगपिनची, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिची, बेअरिंग गेली असती तर स्टिअरिंग ठरावीक वेगाला थरथरले असते, तसे नव्हते.

दुरुस्ती म्हणून शॅकलचे बुश बदलले आणि शॉकअपची मागची जोडी तेवढी बदलली, तीही कमी दाबाच्या नायट्रोजनची, कारण त्या दाबामुळे सततच्या खड्ड्यांत तेलाला फेस येण्याचे प्रमाण घटते. पुढच्या जोडीला हात लावला नाही. मी बदलायला तयार असतानाही “अजून काम करतात” म्हणून नकार मिळाला. नवे शॉकअप आडवे पडून आलेले असल्याने बसवण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण खेचून आतली हवा वर काढली, आणि बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच पक्के आवळले. गाडी जॅकवर लटकती असताना ते आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

तीन आठवड्यांत कास आणि बामणोलीपर्यंत दोनदा जाऊन आलो. गतिरोधकानंतर मागचा भाग एका उसळीत बसतो आणि ट्रकच्या वाऱ्याने गाडी आता रेषा सोडत नाही. वळणात गाडी कलते ती मात्र पूर्वीइतकीच. यात गॅरेजचा दोष नाही. वळणात अखेर किती कलायचे हे पाटे, उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ठरवते, शॉकअप फक्त त्या कलण्याची घाई रोखतो. १९९३ मध्ये जिप्सीच्या चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने वाढवले गेले, तरी २३७५ मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) ही उंच गाडी घाटात सेडानसारखी वळेल अशी अपेक्षा कुणी धरू नये. रिकाम्या गाडीत मागे बसणाऱ्याला ती आता किंचित ताठही लागते, आणि हे त्यांनी आधी सांगायला हवे होते.

तक्रारी आणखी दोन आहेत. एवढी बारकाईची तपासणी होऊनही लेखी काहीच मिळाले नाही; बिलावर नुसते ‘सस्पेन्शन काम’ एवढेच लिहिलेले आहे. दुसरे म्हणजे टायरमधील हवा मी आठवण केल्यावर, सर्वांत शेवटी पाहिली गेली. चिखलात जाण्यासाठी कमी केलेली हवा पुन्हा भरायची राहिली, तर मऊ पडलेले टायरही असाच झोला देतात, तेव्हा ही फुकटची तपासणी आधी व्हायला हवी होती. माझ्या टायरांत हवा बरोबर होती, एवढेच.

इथे जायचे असेल तर सकाळी लवकर आणि सामान उतरवून जावे, दिवस मोडतो. गाडी खालून धुऊन मात्र नेऊ नये. मी चांगली तासभर पाणी मारून नेली होती, तर मिस्त्रींचे पहिले वाक्य होते, “चकाचक करून आणलीत, आता गळती कुठं शोधू?”